रिकाम्या खोलीचा आवाज

मुलाखत संपली तरी रेडिओ म्वालोचा माणूस लगेच उठत नाही. तो हात वर करून समोरच्याला गप्प बसायची खूण करतो आणि अर्धा मिनिट स्वतःही गप्प बसतो. यंत्र चालूच असतं. छपराचा पत्रा तडतडतो, बाहेर एखादी कोंबडी फडफडते, कुणीतरी लांबवर मुलाला हाक मारतं. मग यंत्र बंद होतं. याला तिथे ‘खोली घेणं’ म्हणतात. पुढे संकलन करताना एखादं वाक्य कापलं की तिथे खड्डा पडतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. त्या खड्ड्यात त्याच खोलीची शांतता भरायची. दुसरीकडची चालत नाही. मासळीबाजारातल्या कचेरीची शांतता वेगळी, चर्चमधली वेगळी.

सलोमे कितवानाने ही सवय ऐन उमेदीत उचलली, आणि आता ती केंद्राची संपादक होती तरी गावात मुलाखतीला गेली की हात आपोआप वर जायचा. त्या दुपारी किसिमा गावातही तो गेला.

समोर देओग्रातियास बसला होता. सगळे त्याला देओ म्हणत. सरोवराचं पाणी उचलून, शुद्ध करून किनाऱ्यावरच्या गावांना पुरवणारं जे पंपघर होतं, तिथला तो चालक. तासभर तो बोलला होता. पावसाळ्याच्या आधीपासून पंपघरात क्लोरीन आलेलं नाही. साहेब म्हणतात, पाणी सोडत राहा, कुणी विचारलं तर औषध घातलंय म्हणून सांग. गावोगाव पटकी पसरलीय आणि दवाखान्यात तिला ‘पोटाचा त्रास’ म्हणतात. देओच्या गल्लीतून चार प्रेतं गेली होती. त्यातलं एक त्यानं स्वतः खांद्यावरून नेलं होतं, आणि ते इतकं हलकं होतं की एकट्यानं नेता आलं.

“माझा आवाज ओळखतील, मामा,” तो म्हणाला होता. उझिवा देशात ‘मामा’ म्हणजे आई. वयानं मोठ्या बाईला सगळेच मामा म्हणतात.

“बदलून टाकीन. तुझ्या आईलाही ओळखू येणार नाही.”

“आणि गाव?”

“गावाचं नाव कापीन. पंपघर कुठलं तेही.”

त्यानं थोडा विचार केला. “तरी आठवडाभर थांबा. आई बाजारात गेलीय. तिला आधी मावशीकडे पोचवतो, बेटावर. मीही रजा टाकून जाईन. मग लावा काय ते.”

सलोमे बरं म्हणाली आणि हात वर केला. देओला गंमत वाटली. “हे काय करतोय आपण?”

“काही नाही. खोली घेतोय.”

“घेऊन जा. नुसता पत्राच तर आहे.”

मग तोही गप्प बसला. कोपऱ्यात लहानसा फ्रीज घुमत होता. गावात सौरवीज आल्यावर त्यानं तो आईसाठी घेतला होता. ती त्यात सरबताच्या पिशव्या गार करून विकायची. फ्रीजवर ठेवलेली रिकामी बाटली मधूनच किणकिणायची. अर्ध्या मिनिटानं त्यानंच विचारलं, “झालं?” सलोमेनं मान हलवली आणि यंत्र बंद केलं.

*

उझिवात त्या काळी कुठलीही ध्वनिमुद्रित साक्ष दाखल्याशिवाय प्रसारित करता येत नव्हती. हा नियम सरकारनं लादला असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. तीन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या हुबेहूब आवाजातलं एक भाषण तीन केंद्रांनी लावलं: बँका उद्यापासून बंद. भाषण यंत्रानं रचलेलं होतं. संध्याकाळपर्यंत राजधानीत चेंगराचेंगरीत माणसं मेली, आणि तिन्ही केंद्रांना टाळं लागलं. त्यानंतर कुठल्याही खऱ्या बातमीला ‘ही पण यंत्राचीच’ म्हणून उडवून लावणं मंत्र्यांना सोपं झालं. खरं ते खरं आहे हे सिद्ध करायचा काहीतरी मार्ग द्या, अशी मागणी पत्रकारांनीच केली. त्यातून माध्यम मानक परिषद उभी राहिली आणि तिच्याबरोबर गुंज-दाखला आला.

त्यामागचं विज्ञान साधं होतं. आपल्या घरात येणारी वीज एका सेकंदात पन्नास हेलकावे घेते. पण नेमके पन्नास कधीच नसतात. कुठे गिरण्या सुरू झाल्या, कुठे दिवे मालवले, की ती किंचित मागेपुढे होते. एकोणपन्नास पूर्णांक काहीतरी, मग पन्नासच्या जरा वर. हा चढउतार सतत चालू असतो आणि एकदा झालेला पुन्हा तसाच होत नाही. दिवे, पंखे, भिंतीतल्या तारा, सगळ्यांतून तिची बारीक घुमघुम निघते. आपल्या कानाला ती जाणवत नाही, पण तिथे केलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या तळाशी ती राहते, ध्वनिमुद्रक बॅटरीवर चालणारा असला तरी. या घुमघुमीची देशभराची नोंद परिषद ठेवायची आणि ती मोहोरबंद असायची. ध्वनिमुद्रण आलं की तळाची गुंज नोंदीशी ताडून पाहायची. जुळली, तर ते खरोखर त्या वेळी, त्या विजेच्या सान्निध्यात झालेलं. यंत्रानं रचलेल्या आवाजाला माणसाचा खोकलासुद्धा नक्कल करता येतो. त्या घटकेची गुंज मात्र त्याला कुठून मिळणार?

अडचण एवढीच होती, की सरोवराच्या काठच्या गावांत सरकारी तारा पोचलेल्याच नव्हत्या. तिथे गावागणिक सौरपट्ट्या आणि इन्व्हर्टर होते. प्रत्येक इन्व्हर्टर आपापली पन्नासची चाल धरतो. बॅटरीचं वय, उन्हाचा कडाका, कुणी पिठाची चक्की लावली की नाही, यावर ती चाल हलते. म्हणजे गावागावाची गुंज वेगळी. परिषदेच्या नोंदीत ती नव्हतीच, त्यामुळे गावातून आलेली प्रत्येक साक्ष ‘असिद्ध’ ठरायची. मंत्र्याचं वातानुकूलित खोलीतलं बोलणं खरं, आणि कोळ्याचं खोटं.

सलोमे यावर वर्षभर भांडली. लेख लिहिले, परिषदेच्या दारात ठिय्या दिला. गावांच्या इन्व्हर्टरची नोंद वीज खात्याकडे असतेच, दुरुस्तीसाठी. ती परिषदेच्या यंत्राला जोडा, अशी तिची मागणी होती. शेवटी परिषदेनं ती मान्य केली. दाखल्यावर फक्त ‘सत्य’ आणि विभागाचं नाव छापलं जाईल, असं लेखी आश्वासनही दिलं. त्या दिवशी केंद्रात तळलेली मासळी वाटली होती.

*

गावोगावचे इन्व्हर्टर बसवणारा माणूस राजापूरचा होता. विश्राम गवाणकर. दहा वर्षं म्वालो शहरात राहून त्याची स्वाहिली सलोमेपेक्षा शिवराळ झाली होती. धक्क्याजवळच्या त्याच्या कार्यशाळेत ती पोचली, तेव्हा तो एका इन्व्हर्टरचं पोट उघडून त्यातून मुंग्या झटकत होता.

“या, दादा. आज कुठलं गाव अंधारात बसलंय?”

स्वाहिलीत बहिणीला दादा म्हणतात. याच्यावर विश्रामचा एक ठरलेला विनोद होता, आणि तो सलोमेला पाठ होता. तरी त्यानं तो केलाच. “काल आईला फोनवर म्हटलं, संध्याकाळी दादा येणारेय, तिची मामा आजारी आहे. आई म्हणाली, तू आधी झोप काढ.”

“माझी आई बरी आहे,” सलोमे म्हणाली. “एक विचारायचंय. परिषदेच्या यंत्राला गाव कळतं का?”

विश्रामनं ब्रश खाली ठेवला. “दाखल्यावर तर विभागच छापतात.”

“छापतात काय ते मला माहितीय. कळतं काय ते सांग.”

“कशाची मुलाखत आहे?”

“ते नको विचारूस.”

त्यानं हात पुसले. तो विचार करून बोलणारा माणूस होता, आणि म्हणूनच ती त्याच्याकडे आली होती. “हे बघ. आवाज तू बदलतेस तो वरचा. तळाची गुंज तशीच राहते. राहायलाच पाहिजे, नाहीतर दाखला मिळणार नाही. पण माणूस बोलत असतो तेव्हा ती तुकड्यातुकड्यांनी हाती लागते. शब्दांच्या मधून, श्वासाच्या फटीतून. तेवढ्यावरून दिवस कळतो, आणि आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या इन्व्हर्टरांपैकी कुठलातरी आहे एवढं कळतं. नेमकं गाव काढायचं तर सलग गुंज पाहिजे. वीस-पंचवीस सेकंद, मध्ये अक्षरही नको. मुलाखतीत कोण एवढा वेळ गप्प बसतो?”

“आमचे मंत्री तर श्वासही घेत नाहीत.”

“मग झालं तर.”

“नक्की?”

“इन्व्हर्टर माझे आहेत, दादा. मला नाही कळणार तर कुणाला?”

परत येताना सलोमेनं धक्क्यावर उभ्या असलेल्या रुग्णनौकेकडे पाहिलं. तिच्यातून एका बाईला चादरीत उचलून उतरवत होते. चादरीतून पाणी गळत होतं. आठवडाभर थांबायचं ते गाव ओळखलं जाईल या भीतीनं. गाव कळणारच नसेल, तर थांबून नेमकं काय साधायचं होतं? आणि त्या आठवड्यात आणखी किती चादरी उतरतील? फोनवरून देओला विचारता येत नव्हतं. पाणी खात्यातल्या माणसाला रेडिओच्या संपादकानं फोन करणं म्हणजे आपल्या हातानं पत्ता देणं. तिनं त्याच्या वतीनं ठरवून टाकलं. बातमीदार रोजच असं काहीतरी ठरवतो, आणि बहुतेक वेळा ते निभावून जातं.

दारं लावून तिनं एकटीनं संकलन केलं. गावाचं नाव कापलं. साहेबाचं नाव कापलं. ‘आमच्या चर्चमागे’ हे दोन शब्द तिला तिसऱ्यांदा ऐकताना सापडले, तेही काढले. जिथे जिथे खड्डा पडला तिथे खोलीतली चिमूटभर शांतता भरली. आवाज इतका बदलला की तो पिपातून आल्यासारखा वाटू लागला. प्रत्येक शब्द तिनं तपासला. मग फाइल परिषदेकडे पाठवली. फाइलच्या शेपटाला, मुलाखत संपल्यानंतर, ती अर्ध्या मिनिटाची खोली तशीच होती, जशी पंचवीस वर्षं प्रत्येक फाइलच्या शेपटाला असायची. तिच्यात तपासण्यासारखं काही नव्हतंच.

*

दाखला दुसऱ्याच सकाळी आला. सत्य. पश्चिम किनारा. नियमाप्रमाणे मूळ ध्वनिमुद्रण मोहोर लावून, कुणालाही उघडता येणार नाही असं, परिषदेत जमा झालं आणि केंद्रातली प्रत पुसली गेली. मागाहून कुणी फेरफार करू नये म्हणून तशी अट होती.

दुपारच्या बातम्यांत साक्ष लागली, आणि चहाच्या टपऱ्यांवर माणसं बोलायची थांबली. दाखला असल्यामुळे ‘यंत्राचा बनाव’ म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती. दोन दिवसांत क्लोरीनचे पिंप भरलेली होडी सरोवरात दिसली. दवाखान्याच्या आवारात तंबू लागले आणि त्यांच्यावर ‘पटकी’ हा शब्द पहिल्यांदा लिहिला गेला. विश्रामनं फोन करून नुसतं “दादा, शाब्बास” म्हटलं आणि ठेवून दिला. सलोमेनं आयुष्यात पुष्कळ बातम्या दिल्या होत्या; माणसं जगलेली डोळ्यांनी दिसावी अशी ही पहिलीच.

त्याच आठवड्यात पंपघरातून देओला नेलं. गाडीवर खात्याचं नाव नव्हतं. विचारपूस करून सोडतो, असं त्यांनी बाकीच्या चालकांना सांगितलं. देओनं जेवणाचा डबा बरोबर घेतला, संध्याकाळपर्यंत परत येईन या हिशेबानं.

*

माध्यम मानक परिषदेचे सचिव बारनाबास ओचोला एके काळी रेडिओ म्वालोत होते. केंद्रातले सगळे त्यांना म्वालिमू म्हणत, म्हणजे गुरुजी. टेप कानानं कापायला त्यांनीच सलोमेला शिकवलं होतं. परिषद निघाली तेव्हा ते सचिव झाले म्हणून पत्रकारांना हायसं वाटलं होतं; आपला माणूस आत आहे.

त्यांच्या दालनात पंख्याचाही आवाज नव्हता. त्यांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

“दाखल्यावर गाव नव्हतं, म्वालिमू,” ती म्हणाली.

“नव्हतं.”

“यंत्रात होतं?”

त्यांनी चष्मा काढला. “फाइलच्या शेवटी तू खोली ठेवली होतीस.”

सलोमेला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं खुर्चीचा हात धरला.

“यंत्र फाइल शेवटपर्यंत ऐकतं,” ते म्हणाले. “त्याला कुठे माहीत, आपण कुठे थांबतो ते? सलग अर्धा मिनिट, स्वच्छ. किसिमाचा इन्व्हर्टर, आणि त्यावरचा एक फ्रीज. फ्रीजची मोटर चालू होते तेव्हा तारेला हिसका बसतो. किसिमात असे फ्रीज तीनच आहेत. मी काही शोधायला गेलो नव्हतो, सलोमे. पाणी खात्यानं कलमाखाली विचारणा केली. सार्वजनिक सुरक्षेचं कलम आहे, तुलाही माहीत आहे. यंत्रानं उत्तर दिलं. मी सही केली.”

“नाही केली असती तर?”

“तर कलम माझ्यापेक्षा वाईट माणसाच्या हाती गेलं असतं. दाखला बंद, आणि मग तुमची केंद्रं बंद. तुझी बातमी लागली ना? पिंप पोचले ना? ते या दाखल्यामुळेच.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “गावांच्या नोंदी जोडा म्हणून माझ्या दारात कोण बसलं होतं?”

 दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

“तो कुठे आहे?”

“मला गाव कळतं,” बारनाबास म्हणाले. “माणूस कुठे नेला ते यंत्राला कळत नाही.” त्यांनी चष्मा परत घातला, मग परत काढला. “खोली घ्यायला विसरायचीस तेव्हा मी तुला किती बोलायचो. एकदा रडवलंही होतं.”

“मासळीबाजाराच्या मुलाखतीला,” सलोमे म्हणाली.

“हो. मासळीबाजार.”

तिला निरोप द्यायला ते दारापर्यंत आले. ती जिना उतरेपर्यंत त्यांनी दार लावलं नाही.

विश्राम मात्र कार्यशाळेत तिच्या नजरेला नजर देईना. “तू मला सांगितलं नाहीस, की तुम्ही मुद्दाम गप्प बसता,” तो म्हणाला. त्यात आरोप नव्हता. तो स्वतःशीच चूक शोधत होता. “आणि मी विचारलंही नाही. म्हटलं, कोण बसतं गप्प.” किसिमाचा इन्व्हर्टर बंद करून टाकतो, असं तो त्या दिवशी दोनदा म्हणाला. पण दवाखान्याच्या तंबूंतले दिवे त्याच इन्व्हर्टरवर होते.

*

सलोमेनं वकील लावला. केंद्रावरून रोज बातमीच्या शेवटी देओचं नाव घेतलं जायचं, परिषदेनं नोटीस देईपर्यंत. पाणी खातं म्हणालं, असा माणूस आमच्याकडे नाही. पोलीस म्हणाले, त्याला तेव्हाच सोडला.

रेडिओ म्वालोनं खोली घेणं बंद केलं. बातम्या ओबडधोबड ऐकू येऊ लागल्या, वाक्यं एकमेकांना धडकत. पण तेही पुरेसं नव्हतं, कारण गोष्ट गावोगाव पोचली होती. लोक फ्रीजजवळ बोलेनासे झाले. कुणाला काही सांगायचंच असेल तर तो सलोमेला होडीत घालून सरोवराच्या मध्यावर न्यायचा, जिथे वीज नाही, गुंज नाही, फक्त पाणी. तिथलं बोलणं परिषदेचं यंत्र ऐकायचं आणि शिक्का मारायचं: असिद्ध. असिद्ध साक्ष लावता येत नव्हती. थोडक्यात, ज्याला खरं ठरायचं त्यानं सापडायचं, आणि ज्याला सापडायचं नाही त्यानं खोटं ठरायचं, अशी वाटणी झाली. मंत्र्यांना दोन्हीची भीती नव्हती. त्यांचे दाखले पूर्वीसारखेच सकाळीच यायचे.

कुठलंही केंद्र बंद झालं नाही. परिषदेच्या वार्षिक अहवालात याचा अभिमानानं उल्लेख होता.

*

पुढचा पावसाळा सरता सरता एका सकाळी फाटकावरचा पहारेकरी आत आला. “मामा देओ आल्यात. बेटावरच्या बोटीनं. आता तिकडेच असतात, बहिणीकडे.”

उझिवात बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. मामा देओ, म्हणजे देओची आई. तिचं स्वतःचं नाव काय, ते सलोमेला माहीत नव्हतं. बहुधा गावातही फार कुणाला आठवत नसेल.

ती बुटकी, भक्कम बाई होती. तिनं सरबताच्या दोन पिशव्या कापडात गुंडाळून आणल्या होत्या. वाटेत त्या कोमट झाल्या होत्या. सलोमेच्या टेबलावर त्या ठेवून ती बसली.

“त्याचा फोन त्यांनी नेला,” ती म्हणाली. “फोटो आहेत माझ्याकडे. आवाज नाही. लोक म्हणाले, रेडिओवाल्यांकडे आहे.”

सलोमेनं प्रसारित झालेली साक्ष लावली. म्हातारीनं डोकं एका बाजूला कलतं करून थोडं ऐकलं.

“हा कोण?”

“देओ.”

“हा देओ नाही. हा कुणीतरी पिपात बसून बोलतोय.”

“आम्ही आवाज बदलला होता, मामा देओ. कुणी ओळखू नये म्हणून.”

“हं. माझ्यापुरतं काम चोख झालं.” ती हसली नाही. “खरा लाव.”

“खरा आमच्याकडे ठेवता येत नाही. परिषदेत जमा होतो. मी तीनदा अर्ज केला. देत नाहीत.”

 “मला एक कळत नाही,” म्हातारी म्हणाली. “आवाज असा केलात, गावाचं नाव घेतलं नाहीत. मग त्यांना माझं घर कसं कळलं?”

वकिलानं सलोमेला सांगून ठेवलं होतं, की याविषयी कुणाशी बोलायचं नाही. तिनं सगळं सांगितलं. खोली घेणं म्हणजे काय, यंत्र काय ऐकतं, देओनं आठवडाभर थांबायला सांगितलं होतं आणि ती का थांबली नाही. सांगताना तिनं एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. बातमी लिहावी तसं क्रमानं सांगितलं.

मामा देओनं मध्ये एकदाच विचारलं, “मावशीकडे पोचवणार होता मला?”

“हो.”

“मला बोलला नव्हता.”

मग ती म्हणाली, “ते गप्प बसलेलं तरी आहे का तुझ्याकडे?”

ते होतं. ‘खोल्या’ नावाचा एक जुना कप्पा सलोमेच्या संगणकात होता: पंचवीस वर्षांच्या रिकाम्या खोल्या, बाजाराच्या, चर्चच्या, शाळांच्या, आता पाडून टाकलेल्या एका चित्रपटगृहाची. संकलनाच्या वेळी खड्डे भरायला म्हणून किसिमाची खोलीही तिनं त्यात वेगळी काढून ठेवली होती. मूळ प्रत पुसली गेली तेव्हा ती राहून गेली. तिच्यात काही नव्हतं म्हणून कुणाला आठवली नाही. ती ठेवणं गुन्हा होता. लावणंही. त्या दिवसानंतर सलोमेनं ती एकदाही उघडली नव्हती.

तिनं खिडकी लावून घेतली आणि ती उघडली.

पत्रा तडतडला. फ्रीज घुमत होता. बाटली किणकिणली.

मामा देओ पुढे झुकली. “ती बाटली,” ती म्हणाली. “खाली ठेव, खाली ठेव म्हणून सांगायचे त्याला. आणि हा फ्रीज. मोटर लागताना असाच कण्हतो.” ती ऐकत राहिली. “हे ओळखायला यंत्र कशाला लागतं? मला कुणी नुसतं ऐकवलं असतं तरी मी सांगितलं असतं, माझं घर आहे म्हणून.”

कुणीतरी नाकातून हलकेच श्वास घेतला, शीळ घातल्यासारखा. म्हातारीनं सलोमेचं मनगट धरलं. तिनं काही सांगायची गरज नव्हती. दुसराही एक श्वास होता, माइकच्या जवळचा. तो आपला, हे सलोमेला कळलं.

आणि मग, अगदी शेवटी, न बदललेल्या, स्वच्छ, जरा घाईच्या आवाजात देओ म्हणाला, “झालं?”

तो शब्द तिथे आहे हे सलोमे विसरून गेली होती. खोलीच्या शेवटी असले शब्द कापायचे असतात. तिनं कापला नव्हता. यंत्र थांबलं.

मामा देओनं मनगट सोडलं नाही. “कायम घाई,” ती कुणालातरी तक्रार सांगावी तशी म्हणाली. “जेवायला बसला तरी हेच. झालं? झालं?” तिनं खांद्यावरच्या कापडाच्या टोकानं नाक पुसलं. “परत लाव.”

सलोमेनं परत लावलं. पत्रा. फ्रीज. बाटली. श्वास. म्हातारी डोळे मिटून बसली होती, आणि बाटली किणकिणली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जुना वैताग उमटून गेला. फ्रीजची घुमघुम हळूहळू उतरत आली, म्हणजे शेवट जवळ आला होता.

शब्द यायच्या आधीच मामा देओनं हात वर केला.

सलोमेनं यंत्र थांबवलं.

“इथपर्यंतच,” म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. “बसलेला असू दे त्याला.”